आई-बाबा, ऑपरेशनची तारीख ठरलीय

प्रिय आई, बाबा,

हे फोनवरच सांगणार होते, दोनदा फोन हातात घेतलाही, पण आईचा नुसता "हॅलो" ऐकला की माझा गळा भरून येतो आणि मग तिकडे तुम्हाला वाटतं काहीतरी भयंकर झालंय, म्हणून लिहितेय. आधी एक सांगते, म्हणजे पुढचं वाचताना धस्स होणार नाही. कॅन्सर परत आलेला नाही. मागच्या महिन्यातल्या सगळ्या तपासण्या नीट आल्यात, मी काहीही लपवत नाहीये.

पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला माझं ऑपरेशन आहे. रिकन्स्ट्रक्शन. म्हणजे ३ वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे जो स्तन काढला तो परत तयार करायचा. तारीख घेतलीय, रजा टाकलीय, भूलतज्ज्ञांना भेटून झालंय. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं मला खूप वाईट वाटतंय, पण विचारलं असतं तर आई तू नको म्हणाली असतीस आणि तुझं नको ऐकून मी अजून एक वर्ष ढकललं असतं, जसं मागच्या वर्षी ढकललं. "जीव वाचला ना, आता परत कशाला कापाकापी" हे तू म्हणालीस ते मी विसरले नाहीये, आणि ते रागाने आठवत नाहीये हेही खरं. केमोच्या वेळी रात्री दोन-दोन वाजता माझ्यापुढे बादली धरून तूच बसली होतीस. तुला भीती वाटणार नाही तर कुणाला वाटणार.

पण आई, ऐक ना. तू शिवून दिलंस ते मऊ पॅड मी तीन वर्षं वापरतेय. त्याची कड दोनदा उसवली, दोनदा मीच टाके घातले, तुझ्यासारखे बारीक नाही जमले. ते पॅड नसतं तर मी पहिल्या वर्षी घराबाहेर पडलेच नसते. पण छोटीच्या बुटाची नाडी बांधायला वाकले की ते वर सरकतं, आणि उठताना माझा हात आपोआप तिथे जातो, मला कळतही नाही. परवा छोटी बाहुलीशी खेळत होती, बाहुलीला वाकवलं, उभं केलं आणि मग बाहुलीचा हात उचलून तिच्या छातीवर फिरवला. अगदी तसाच, माझ्यासारखा. मी आत जाऊन पाच मिनिटं बसले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला.

कुणासाठी म्हणून करत नाहीये हे. तुमचे जावई तर म्हणत होते की तुला त्रास होणार असेल तर अजिबात नको, मला काही फरक पडत नाही. फरक मला पडतो. उजवा खांदा कायम खाली ओढल्यासारखा दुखतो, आरशात बघायचं टाळते, आणि वय ४३ आहे आई, अजून कितीतरी वर्षं याच शरीरात काढायचीत. बाकी चार बायका न करता मस्त राहतात, तेही बरोबर आहे, ज्याचं त्याचं असतं.

बाबा, तुम्ही विचारणारच की नक्की काय करणार आणि कितपत जुनी पद्धत आहे. सिलिकॉनचं इम्प्लांट बसवणार नाहीयेत. माझं रेडिएशन झालंय ना, तिथल्या कातडीत इम्प्लांटभोवती कडक आवरण धरायची शक्यता वाढते, शिवाय इम्प्लांट जन्मभर टिकेल असं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. म्हणून माझ्याच पोटाच्या खालच्या भागातली कातडी आणि चरबी घेणार, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांसकट, आणि त्या वाहिन्या छातीतल्या वाहिन्यांना मायक्रोस्कोपखाली जोडणार. जेमतेम २-३ मिलिमीटर जाडीच्या असतात म्हणे. पूर्वी, १९८२ सालापासून, पोटाचा स्नायूसुद्धा उचलायचे आणि मग पोट कमजोर व्हायचं. १९८९ मध्ये जपानच्या कोशिमांनी स्नायू जागेवर ठेवून फक्त वरचा भाग घेता येतो हे दाखवलं, आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅलन यांनी स्तनासाठी ते केल्याचं छापून आलं. त्यालाच डीआयईपी फ्लॅप म्हणतात, फ्लॅप म्हणजे तो वाहिन्यांसकट उचललेला तुकडा. म्हणजे कुणी माझ्यावर नवीन प्रयोग करत नाहीये. कुठल्या वाहिन्या घ्यायच्या ते बघायला पोटाचा सीटी स्कॅन आधीच झालाय. कॅन्सर परत येऊ नये म्हणून चालू असलेली हार्मोनची गोळी ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस बंद ठेवायचीय, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, नंतर परत सुरू. त्यामुळे मी विसरून गोळी सोडली असं समजू नका. आणि या ऑपरेशनने कॅन्सर परत यायची शक्यता वाढत नाही, तेही विचारून घेतलंय.

धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही, तुम्ही मला खोटं बोलायला शिकवलं नाहीत. जोडलेल्या वाहिनीत गुठळी झाली तर परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात, आणि शंभरातल्या एखाद-दुसरीचा फ्लॅप टिकतच नाही. पण गडबड व्हायची ती बहुतेक पहिल्या दोन दिवसांत होते आणि लवकर कळली तर वाचवताही येते, म्हणून तर पहिली रात्रभर नर्स दर तासाला येऊन रंग बघणार, हात लावून गरम आहे ना बघणार, आणि एका छोट्या यंत्राने रक्ताचा आवाज ऐकणार. डॉपलर. मला एकदा ऐकवला त्यांनी, हातावर लावून. फुस्स, फुस्स, फुस्स. छोटीच्या वेळी पोटावर मशीन लावून ठोके ऐकवले होते ना, बाबा तुम्ही दाराशी उभे होतात, तसाच काहीसा.

ऑपरेशनला ६ ते ८ तास लागतील, जास्तही लागू शकतात. जास्त लागले म्हणजे काही बिघडलं असं नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा आणि जावयांना दर अर्ध्या तासाने फोन करू नका. दादा तुमच्याजवळ असेल, फोन त्याच्या मोबाइलवर येईल.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. त्या दिवशी तुम्ही येऊ नका. हॉस्पिटलमध्येही नको आणि घरी आल्यावर पहिले दहा दिवसही नको. मला माहितीये हे वाचून आई तू चष्मा काढून ठेवला असशील. टॉन्सिलच्या वेळी मी ७ वर्षांची होते, बाबा रात्रभर त्या लोखंडी स्टुलावर बसले होते आणि मी त्यांचा अंगठा धरून झोपले होते, सोडवायला गेलं की जाग यायची म्हणून ते पाणी प्यायलासुद्धा उठले नाहीत. हे सगळं आठवूनच लिहितेय. आजही तोच अंगठा हवासा वाटतोय. पण तुझे गुडघे, बाबांचा खोकला, तिथली जागरणं, आणि पेशंटपाशी एकच माणूस बसू देतात. आणि खरं कारण सांगू का, पहिले दोन दिवस मी नळ्यांमध्ये असेन, तू रडलीस की मी रडणार, आणि रडताना पोटाचे टाके ताणले जातात. मला तुमच्यासमोर शूर राहायचं नाहीये, आणि तुम्ही समोर असलात की मी शूर व्हायला बघते, मागच्या वेळी बघितलंत ना.

म्हणून १४ दिवसांनी या. तिकिटं दादा काढेल, खालचा बर्थ मिळेल असं बघून. आणि मग महिनाभर राहा, परत जायची घाई करू नका.

तोपर्यंत माझं सगळं नीट होणार आहे, काळजी करू नका. जावयांची तीन आठवडे रजा आहे, पहिला आठवडा वहिनी येणार, तिनेच स्वतःहून विचारलं, मी गळ घातली नाही. खोलीत आरामखुर्ची आणलीय मागे रेलायची, कारण सुरुवातीला सपाट झोपता येत नाही, गुडघ्यांखाली उशी आणि पाठ उंच लागते. उश्या सहा झाल्यात आता. रोज लागणारं सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवलंय, वरच्या फडताळाला हात घालायचा नाहीये. पुढून बटणं असलेले चार गाऊन, बाथरूममध्ये स्टूल, फोनची लांब वायर, खोकताना पोटावर दाबून धरायला एक छोटी उशी. पायात ते घट्ट मोजे आणि गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शनंही आहेत, आणि दुसऱ्या दिवसापासून ते खुर्चीत बसवतात, चालवतात. नुसतं पडून राहिलं तर बरं नाही, त्यामुळे मी चालताना दिसले तर "आडवी हो" म्हणू नकोस.

आणि चालेन ती वाकून चालेन. पोटाची कातडी ओढून शिवलेली असते ना, पहिला-दुसरा आठवडा सरळ होताच येत नाही. लहानपणी पोक काढून बसले की पाठीत धपाटा मिळायचा, "ताठ बस". यावेळी नाही हं आई. तुम्ही याल तोवर बरीच सरळ झाले असेन, उरलेलं तुमच्यासमोर.

काही गोष्टी आत्ताच सांगून ठेवते, नंतर वाद नको. शेक नाही. तुझी ती गरम पाण्याची पिशवी आणायचीच नाही, बॅगेतच ठेवायची नाही. नवीन जागा आणि पोटाचा खालचा भाग बधिर असणार, कितीतरी महिने, थोडा कायमचाही. गरम लागलेलं कळत नाही आणि भाजतं. सहा आठवडे मला २-३ किलोच्या वर काही उचलायचं नाहीये, म्हणजे छोटीला कडेवर घ्यायचं नाही, ती रडली तरी मला "घे जरा" म्हणायचं नाही. बाबा, ते काम तुमचं, तिला मांडीवर घेऊन माझ्या डाव्या बाजूला बसायचं, म्हणजे तिला मी आणि मला ती. कुणी सांगितलेलं चूर्ण, लसणाच्या गोळ्या, काही पाठवू नका, त्यातलं काय काय रक्त पातळ करतं, डॉक्टरांनी सगळं बंद करायला लावलंय.

बाबा, सिगारेट. परत सुरू झालीय हे मला आईने सांगितलं नाही, तिला बोलू नका, फोनवर खोकल्यावरून कळतं मला. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि माझं सगळं त्या बारीक वाहिन्यांवरच आहे. धूर माझ्या आसपाससुद्धा नको असं स्पष्ट सांगितलंय. गच्चीत जाऊन येतो, लगेच चूळ भरतो, असं काही नको बाबा. आजपासून ६ आठवडे आहेत यायला. तुमच्या डॉक्टरांकडे जा, त्यावर औषध असतं, लाज कसली त्यात. मी रागावून लिहीत नाहीये. मला तुम्ही पुढची वीस वर्षं हवे आहात.

आणि आई, मावशीवरून तू जे मनात धरून बसलीयस ना, की माझ्या माहेरून आलं, ते सोड आता. ती जीनची तपासणी मी केली, या कॅन्सरशी जोडलेले जे दोन मुख्य जीन आहेत बीआरसीए १ आणि २, त्यात काही सापडलं नाही. आणि सापडलं असतं तरी तो तुझा गुन्हा झाला असता का? तसं तर ते वडिलांकडूनही येतं. तुझी स्वतःची मॅमोग्राफी मात्र राहिलीय, दोन वर्षं झाली. १८ तारखेच्या आधी करून रिपोर्टचा फोटो पाठव. हे विचारत नाहीये, सांगतेय.

पहिल्या दिवशीच अगदी पूर्वीसारखं दिसेल असं समजू नका, सूज असेल, रंग वेगळा असेल, कातडीचा तो तुकडा पोटाचा म्हणून ओळखू येईल. काही महिन्यांनी एक छोटं ऑपरेशन असतं आकार नीट करायला. पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहणार. बघायचा असेल तर दाखवेन, नको असेल तर काही नाही.

आता तुमच्यासाठी कामं. ऑपरेशननंतर मला तीन ड्रेन असतील, एक छातीला, दोन पोटाला. बारीक नळ्या आणि टोकाला मुठीएवढे प्लॅस्टिकचे गोळे, आतलं पाणी त्यात जमा होतं. दिवसातून दोनदा ते मोजून रिकामं करायचं, आणि २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की तो ड्रेन काढतात. बाबा, रोज रात्री ८ वाजता मी आकडे सांगेन, तुम्ही वहीत लिहायचे. तुम्ही विजेच्या मीटरचं लिहिता तसे रकाने आखा, तारीख, सकाळ, संध्याकाळ, एकूण, आणि तीन ड्रेनसाठी तीन वेगळी पानं. आकडा एकदम वाढला किंवा पाणी लालभडक झालं तर डॉक्टरांना कळवायचं असतं, तुमचं लक्ष असलं की मला झोप येईल.

आणि आई, ड्रेनच्या त्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांना पिशव्या लागतात, लोंबकळत राहिले की टाका ओढला जातो. हॉस्पिटलमध्ये देतात त्या खरखरीत असतात म्हणे. तू शिवशील? तुझ्या त्या जुन्या मऊ साडीच्या कापडाच्या, मला दुसरं नको. तीन छोट्या, प्रत्येक साधारण वीतभर लांब आणि चार बोटं रुंद, तोंड उघडं, म्हणजे गोळा पटकन काढता येईल. गळ्यात अडकवायला एकच नाडी, तिला तिन्ही पिशव्या. आंघोळीसाठी अजून एक जोड. नाडी लांबच ठेव, मी वाकून चालणार आहे, इथे गाठ मारून कमी करून घेईन.

तुमची,
छकुली