आमच्या जिप्सीला पुन्हा घाट चढवणाऱ्या मेकॅनिक काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

"नाव कुठे लिहू नका, ताई," असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार मानू नका असं म्हणाला नव्हतात. आणि पंधरा दिवस झाले तरी ती सकाळ आठवली की माझा गळा दाटून येतो, तेव्हा हे लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गाडीची कथा तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. आमची मारुती जिप्सी १९८७ ची. बाबांनी तिची ताडपत्री आणि मागची बाकं काढून तिचं पिकअप केलं आणि बडवाहच्या शेतातली पपई तिच्यातून इंदूरला चोइथराम मंडीत आणली, एक-दोन नाही, तीस वर्षं. ९७० सीसीचं इंजिन, ४५ अश्वशक्ती. पपई भरून भेरूघाट चढायचा म्हणजे दुसरा गिअर, नाहीतर पहिला. मे महिन्यात पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी थांबायची. मग बाबा पंपावर ओलं गोणपाट टाकून रस्त्याकडेच्या दगडावर बसायचे. मी शेजारी. घाटातली माकडं आम्हाला ओळखत असतील, इतक्या वेळा आम्ही तिथे बसलो आहोत. पुढे पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत गेलं आणि कार्बोरेटरमधली जुन्या जातीची रबरं वर्षभरही टिकेनात.

गाडी विकायची नव्हती. म्हणून लिलावात निघालेल्या २००४ च्या जिप्सीचं इंजिन घेतलं, गिअरबॉक्स, ईसीएम (इंजिनाला हुकूम देणारा छोटा संगणक) आणि वायरिंगसकट. १२९८ सीसी, ८० अश्वशक्ती, एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं. जिप्सीला हे इंजिन २००० सालापासून मिळालं, गाडीचं घराणं एकच, त्यामुळे जोड जमते असं सगळे म्हणत होते. आरटीओची परवानगी आणि आरसीवरची नोंद रीतसर झाली, त्याचं पुराण इथे नको.

इंजिन बसलं, चालू झालं आणि घाटात बंद पडलं.

तिथून पुढचे आठ महिने मी कसे काढले ते तुम्हाला पूर्ण सांगितलेलं नाही. पहिल्या गॅरेजवाल्यांनी ईसीएम गेला म्हणून दुसरा ईसीएम माझ्या माथी मारला. गाडी पुन्हा त्याच वळणावर थांबली. दुसऱ्याने सेन्सर बदलले, एकेक करून, प्रत्येकाचे पैसे घेऊन. तिसऱ्याने मला विचारलं, "घरी कोणी माणूस नाही का बोलायला?" मी पन्नास क्रेट पपईचा हिशेब रोज तोंडी ठेवते, शेताची मोटर मी स्वतः खोलते, आणि हा माणूस माझ्याकडे न बघता माझ्यामागे उभ्या असलेल्या ड्रायव्हरला समजावून सांगत होता. त्या दिवशी घरी येऊन मी पहिल्यांदा म्हटलं की गाडी भंगारात देऊ. बाबा काही बोलले नाहीत. उठून आत गेले.

तुमच्याकडे मी शेवटचा प्रयत्न म्हणून आले होते. तुम्ही बॉनेट उघडलंही नाहीत. स्टूल पुढे सरकवलंत आणि मलाच विचारलंत, "बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल किती असतं?"

आठ महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माझ्याकडे पेट्रोलची वही होती, तारीख आणि लिटर लिहिलेली. तुम्ही चष्मा लावून ती वही पहिल्या पानापासून वाचलीत. पाच वेळा गाडी बंद पडली होती, पाचही वेळा टाकी पाव किंवा त्याहून कमी, आणि पाचही वेळा डाव्या वळणाच्या चढावर. मी हे सगळं स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग तुम्ही मला जसं समजावलंत तसं मला शाळेतही कोणी काही समजावलं नसेल. कार्बोरेटरच्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते. चढावर टाकीतलं पेट्रोल एका कोपऱ्यात पळालं आणि धार दोन-चार सेकंद तुटली, तरी इंजिन त्या वाटीवर तग धरतं. इंजेक्शनला अशी वाटी नाही. त्याला कार्बोरेटरच्या साधारण दहापट दाबाने पेट्रोल लागतं, आणि तेही अखंड. पंपाने हवेचा एक घोट घेतला की दाब पडला, दाब पडला की इंजिन मेलं. आमची टाकी जुन्या काळातली, पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवायची सोयच तिच्यात नाही. "ताई, तुमच्या गाडीला एक लोटा हवा," तुम्ही म्हणालात, "कायम भरलेला."

आणि तुम्ही लोटा बसवलात. कमी दाबाचा छोटा पंप टाकीतून पेट्रोल आणून लोटा भरतो, मोठा पंप लोट्याच्या तळातून ओढतो, इंजेक्टरकडून उरलेलं परत लोट्यात येतं आणि लोटा ओसंडला की टाकीत जातं. इतकंच होतं, काका. या इतक्यासाठी माझी एक भर हंगामातली पपई घाटात सडली.

वायरिंग उघडल्यावर दिसलं की चेक इंजिनचा दिवा लागतच नाही, कारण आधीच्या कोणीतरी त्याचा बल्बच काढून घेतला होता. मला संतापाने बोलता येईना. तुम्ही फक्त "दिवा काढून दुखणं जातं का?" म्हणालात आणि नवा बल्ब लावलात. पण लगेच हेही सांगितलंत की इंजिनाचे माउंटिंग पहिल्या गॅरेजने अगदी सरळ बसवलेत, ते काम चोख आहे, ते हलवायचं नाही. ज्यांनी मला लुबाडलं त्यांचं चांगलं काम तुम्ही चांगलं म्हणालात. माझ्याच्याने ते झालं नसतं. आणि जुना ईसीएम तपासून, तो धडधाकट आहे म्हणून फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलात, "ठेवा, तुमचा आहे" म्हणत. तो मोडीत गेला असं गृहीत धरून बसले होते मी. गिअरबॉक्सच्या आवाजाबद्दल विचारलं तर सरळ म्हणालात, "ते मला येत नाही, ज्याला येतं त्याच्याकडे पाठवतो." आजकाल "मला येत नाही" हे तीन शब्द ऐकायला माणूस तरसतो. सगळ्यांना सगळं येतं आणि बिल तुमच्या नावावर फाटतं. कोणी खरं बोललं की निम्मं दुखणं तिथेच हलकं होतं, हे मला तुमच्या त्या स्टुलावर बसून कळलं.

पण हे पत्र मी लोट्यासाठी लिहीत नाही. ते काम झालं, त्याचे पैसे तुम्ही घेतलेत, तेही मी धरले होते त्यापेक्षा कमी.

थंड इंजिन कसं सुरू होतं ते दिवसातून एकदाच तपासता येतं, एकदा चावी फिरवली की परीक्षा दुसऱ्या दिवसावर जाते, म्हणून तुम्ही म्हणालात, "मी येईपर्यंत कोणी हात लावू नका." जानेवारीतली सकाळ, सहा वाजलेले, लोकमान्य नगरात धुकं. तुम्ही कानाला मफलर गुंडाळून स्कूटरवर आलात. चहा नको म्हणालात. इंजिनावर तळवा ठेवून ते रात्रभर गार झालंय याची खात्री केलीत. मी चावी घेऊन पुढे झाले तर म्हणालात, "ताई, आबांना बोलवा."

बाबा ऐंशीचे. मोतीबिंदूनंतर त्यांनी चार वर्षांत गाडी चालवलेली नाही. शाल पांघरून आले, दोघांनी हात दिला तेव्हा सीटवर बसले. तुम्ही चावी त्यांच्या तळहातावर ठेवलीत. आणि चावी लावण्याआधी बाबांचा हात आपोआप डॅशबोर्डकडे गेला, चोकचा खटका ओढायला. तीस वर्षांची सवय.

मी धास्तावले. इंजेक्शनला चोक नसतो, थंडीत किती पेट्रोल सोडायचं ते ईसीएम ठरवतो, म्हणजे तिथे आता भोक असणार आणि बाबांचा हात रिकाम्या जागी पडणार. पण खटका तिथेच होता. तोच, टोकाला झिजून पांढरा पडलेला. तुम्ही केबल काढलीत आणि खटका राहू दिलात. एवढंच नाही, मागे स्प्रिंग घातलीत, म्हणजे ओढताना पूर्वीसारखा जोर लागावा.

बाबांनी खटका ओढला. चावी फिरवली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं आणि आपोआप थोडं वर चढून हळूहळू खाली स्थिरावलं. बाबा कान देऊन ऐकत राहिले, मग म्हणाले, "चोक बरोबर लागलाय." तुम्ही मान डोलावलीत. "हो आबा, बरोबर लागलाय."

नंतर फाटकापाशी मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की पहिल्या दिवशी बाबा माझ्याबरोबर आले होते, बंद गाडीत बसले होते आणि त्यांचा हात दोनदा तिथे गेलेला तुम्ही पाहिला होता. मी त्यांची मुलगी. मी पाहिला नव्हता.

गेल्या रविवारी टाकी मुद्दाम पाववर ठेवून घाट चढले. तिसऱ्या गिअरवर, चौतीस क्रेट भरून. त्या डाव्या वळणावर माझे हात घामेजले होते, गाडीला पत्ताही नव्हता.

महिन्याभराने पाइपांच्या क्लिपा बघायला या म्हणाला होतात. येते. बाबांनाही आणते, ते रोज विचारतात. आणि पपईचं क्रेट आणेन ते परत करू नका. रोज सकाळी मी निघताना बाबा बाहेर येतात, खिडकीतून हात आत घालून खटका ओढतात आणि मला म्हणतात, "हं, आता लाव."

तुमची,
बडवाहच्या पपईवाली