भ्रूणांच्या अदलाबदलीला दुसरी नजरच रोखते

महोदय,
ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आयव्हीएफ (शरीराबाहेर भ्रूण तयार करून गर्भाशयात सोडणे) उपचारात चुकीचा भ्रूण सोडल्याने एका महिलेने परक्या दाम्पत्याच्या बाळाला जन्म दिल्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले. चूक कळली ती उरलेले भ्रूण दुसऱ्या केंद्रात हलवताना. तिच्या साठ्यात एक भ्रूण जास्त निघाला.

भ्रूण बारीक नळीत, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतो. नळीवर नाव असते, भ्रूणावर काहीच नाही. नळीतून बाहेर काढल्यावर त्याची ओळख फक्त बशीवरच्या चिठ्ठीची. म्हणून नाव बशीच्या झाकणावर नव्हे, तळाच्या भागावर लिहावे, झाकणे बदलतात. एका टेबलावर एका वेळी एकच रुग्ण. नळी उघडताना आणि भ्रूण गर्भाशयात सोडायच्या कॅथेटरमध्ये घेताना प्रयोगशाळेतल्या दोघांनी नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक मोठ्याने वाचून तिथल्या तिथे वेळेसह सही करावी. आपल्याकडे एकाच दिवशी दोन सुनीता पाटील येऊ शकतात, नुसत्या नावावर विसंबू नये. काम उरकल्यावर केलेली दुसरी सही निरुपयोगी. इलेक्ट्रॉनिक टॅग मदत करतात, पण तो चिकटवणारा हात माणसाचाच.

कॅलिफोर्नियात भ्रूणांच्या अशाच अदलाबदलीमुळे २०१९ मध्ये परक्या आईच्या पोटी जन्मलेल्या दोन मुलींची सुमारे चार महिन्यांनी आईवडिलांनी अदलाबदल केली. पोटात वाढवलेले, अंगावर पाजलेले लेकरू देऊन टाकायचे! या दुःखाला भरपाईचा आकडा नाही. उपचाराआधी दाम्पत्यांनी केंद्राला थेट विचारावे: दुसरा साक्षीदार कोण, आणि त्याच्या सहीची नोंद आम्हाला दाखवाल का?

– एक भ्रूणतज्ज्ञ, पुणे