पीट्या, त्या दिवशी गेटवर

पीट्या, प्रभूच्या नावात सलाम.

साडेचार वर्षं झाली रे. मधे तुझे नाताळचे मेसेज आले, ईस्टरचे आले, मी नुसते हात जोडलेले पाठवले. फोन तर उचललाच नाही. आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, आई झोपलीय, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही म्हणून तुलाच लिहायला बसलोय. तब्येत ठीक. शुगर जरा वर, आईचे गुडघे तसेच.

मंगळवारी काय झालं ते आधी सांगतो. आपल्या मंडळीतला एक पोरगा, चौतिशीचा, मनमाड रोडला ट्रकखाली गेला. तुला माहीत नसेल, तू पुण्याला गेल्यावर आलेलं कुटुंब. पाळकसाहेब बाहेरगावी होते म्हणून चर्चच्या पास्टरेट कमिटीतर्फे मी आणि सोबत आई असे सांत्वनाला गेलो. सतरंजी अंथरलेली, बायका भिंतीला टेकून बसलेल्या, त्याची बायको मधोमध, डोळे एकदम कोरडे. सगळे माझ्याकडे बघायला लागले, की आता हे काहीतरी शास्त्रातलं बोलतील. आणि पीट्या, माझ्या तोंडून निघालं, "ताई, प्रभूची योजना असते."

तेच. अगदी तेच शब्द.

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं ना, ती नजर मी ओळखली. मी तुझ्याकडे तसंच पाहिलं होतं, दादाला पुरलं त्या दिवशी, कब्रस्तानाच्या गेटवर. तू पुण्याहून बाइकवर आलेला, सव्वाशे किलोमीटर, पोलिसांना काय सांगून आलास कोण जाणे, आत सोडेनात म्हणून तासभर उन्हात उभा. मी बाहेर आलो तर मास्क खाली करून तू एवढंच म्हणालास. आणि मी तुला "चालता हो" म्हणालो. तू पाणीसुद्धा न पिता परत गेलास हे मला नंतर वहिनीकडून कळलं.

इतकी वर्षं मला वाटायचं तू ते सहज बोललास, पुस्तकातलं वाक्य फेकलंस. मंगळवारी कळलं की तसं नसतं. समोर इतकं मोठं दुःख असतं आणि आपल्याकडे द्यायला काहीच नसतं, मग लहानपणापासून कानावर पडलेलं जे पहिलं हाताला लागतं तेच आपण पुढे करतो. तुझं चुकलंच होतं, ते मी आजही म्हणेन. पण माझं जास्त चुकलं. माफ कर मला.

आईनं काय केलं ऐक. ती काही बोललीच नाही. उठून आत गेली, कुणीतरी आणून टाकलेल्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन आली, त्या पोरीच्या शेजारी बसली आणि निवडायला लागली. पानं परातीत, काड्या पेपरवर. पाचएक मिनिटांनी त्या पोरीनं पण एक जुडी ओढली. दोघी निवडत बसल्या. अर्धी जुडी झाली आणि मग ती रडली, इतकी रडली की बाहेरची माणसं आत आली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून तशीच बसून राहिली, नखात मेथी अडकलेली.

रिक्षात मी आईला विचारलं, तू प्रार्थना का नाही केलीस. ती म्हणाली, "मेली मेथी सुकत होती." दोन मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "मार्थेला प्रभूनं पण लगेच गप्प नाही केलं."

मार्था, ती घरकामात गुंतलेली, लाजराची बहीण. त्यावरून मला संडे स्कूल आठवलं. तुझं सुवर्णवचन! तीन रविवार लागोपाठ उभा राहून "येशू रडला, योहान अकरा पस्तीस," कारण दोनच शब्द पाठ करायचे. बाई म्हणाल्या पीटर, पुढच्या वेळी नवीन वचन हवं, तर चौथ्या रविवारी तू म्हणालास, "बाई, तो अजून रडतोय." अख्खा वर्ग हसला, बाईंनी पट्टी काढली, आणि बक्षिसाची पेन्सिल मात्र तुलाच मिळाली, ती माझी होती खरं तर, मी अख्खं तेविसावं स्तोत्र म्हटलं होतं. तो निकाल मला अजून मान्य नाही. पण आल्यावर रात्री तो अध्याय काढून वाचला. लाजराला कबरीत ठेवून चार दिवस झालेत, येशूला ठाऊक आहे आपण आता ह्याला उठवणार आहोत, आणि तरी बहिणींना रडताना बघून तो रडतो. सगळी योजना माहीत असलेला एकटा तोच होता तिथे, पण मरियेला तो योजना सांगत बसला नाही. पस्तीस वर्षं हे वचन आपण चेष्टेत घेतलं रे.

आता खरी काळजी सांगतो. दादा गेल्यापासून मी मोठ्यानं प्रार्थना केलेली नाही. कुणाला माहीत नाही हे. चर्चला जातो, कमिटीचे हिशेब बघतो, दर ईस्टरला पहाटे कबरीवर मेणबत्ती लावतो, पण घरात जेवणाआधी आईच प्रार्थना करते आणि मी आमेन म्हणतो. तुला तो 2021चा एप्रिल आठवत असेल. 4 तारखेला ईस्टर झाला, 5 तारखेपासून चर्च बंद, 10ला दादाला ताप, 19ला सगळं संपलं. बेड मिळेपर्यंत एक रात्र घरीच काढली. ऑक्सिमीटर 88 दाखवत होता, आणि मी वेड्यासारखं बायबल उघडून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढलं, की काही उत्तर असेल. ते एकच असं स्तोत्र आहे की त्याचा शेवटही अंधारातच होतो. मी पुस्तक मिटलं आणि देवाशी सौदा केला, काय काय कबूल केलं ते तुलासुद्धा सांगणार नाही. तो सौदा त्यानं घेतला नाही. तेव्हापासून तोंड उघडलं की घशात काहीतरी येतं. विश्वास गेला म्हणशील तर तसं नाही. आहे तो, घरातल्या घरात अबोला धरलेल्या माणसासारखा आहे. एकाच ताटात जेवतो, पण बोलत नाही.

आणि आता धाकटीला मुलगा झालाय! अकरा वर्षांनी! तुला कळलं असेलच, सगळ्या नगरला कळलंय, आईनं पेढे वाटता वाटता अनोळखी रिक्षावाल्यालाही सांगितलं. 30 नोव्हेंबरला बाप्तिस्मा, आगमनकाळाचा पहिला रविवार. संध्याकाळी घरी उपकारस्तुतीची भक्ती. आणि आईनं ठरवलंय की बाळाला दादाचं नाव ठेवायचं, आणि भक्तीत प्रार्थना मी करायची. "घरातला मोठा आता तूच." वहिनीपण म्हणाली, तुम्हीच करा भावजी. मी ते नाव घेऊन "हे दान दिलंस म्हणून उपकार" असं म्हणू कसं? ज्याचे उपकार मानायचे त्यानंच ते नाव एकदा नेलंय. आईला हे बोललो, म्हटलं दुसरं नाव ठेवू, तर ती रागावली नाही. म्हणाली, पंडिता रमाबाईंचं बघ. तुला माहितीय ना आमची पणजी 1900च्या दुष्काळात रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली, केडगावला (आपलं नगरचं नव्हे, दौंडकडचं), त्यामुळे आमच्याकडे रमाबाई म्हणजे घरच्याच. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा दोन वर्षांच्या आत गेला, आणि म्हातारपणी 1921ला एकुलती एक मनोरमा गेली, चाळिशीत. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. तेवढ्या महिन्यांत हातातलं बायबलचं भाषांतर पुरं केलं. आईनं हे सगळं सांगितलं आणि मग म्हणते, "त्या काय हसत करत असतील का रे?"

मला वाटायचं आईचं सगळं सोपं आहे, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, संपलं. साडेचार वर्षांत तिला कधी मोडलेलं पाहिलं नाही, आणि त्याचाही मला राग होता, खरं सांगतो. त्या रात्री ती म्हणाली, "मी रोज पहाटे भांडते त्याच्याशी. तू झोपलेला असतोस." बस, एवढंच. आणि गुडघ्याला तेल लावत बसली.

तू बोल ना काहीतरी. पण फोनवर नको, ये. 30ला रविवार आहे, तुला सुट्टी. नाशिकला बदली झाली असं ऐकलं, घर मिळालं का? लेकीचं बारावीचं काय ठरलं? तुझ्याकडच्या वहिनींना सलाम सांग, त्यांच्या ऑपरेशनच्या वेळी मी आलो नाही ते डोक्यात आहे.

अजून एक. दादाची ढोलकी इतकी वर्षं खिळ्याला टांगलेली होती, पानं सैल पडलेली, कुणी हात लावायचं नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या पोरानं कुणाला न विचारता खाली काढली. तेरा वर्षांचा झालाय, बापासारखाच ओठ दाबून बसतो. कड्या सरकवून दोऱ्या ताणायला लागला, एक कडी हलेना म्हणून मला हाक मारली. मी धरलं, त्यानं ओढलं, थाप मारली, आवाज फाटका आला, परत ओढलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, काही बोलली नाही. आता तो रोज संध्याकाळी कॅरलचे ठेके वाजवतो, लय पळते, शेजारी वैतागलेत. भक्तीत तोच वाजवणार म्हणून हटून बसलाय. त्याच्या शेजारी बसून टाळ धरायला कुणीतरी लागेल, लय सांभाळायला. दादाबरोबर तूच धरायचास.

बेकरीत नानकटाई भाजायला शनिवारी द्यायचीय, तुझा डबा वेगळा काढून ठेवतो.

तुझा,
अव्या