पाव आपल्याकडे इथूनच आला

लिस्बन, रविवार

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आईने परवा फोनवर पुन्हा तेच विचारले, म्हणून आधी लिहितो, की मी नुसत्या पावावर दिवस काढत नाही. रात्री वरणभाताचा कुकर लावतोच, आणि दुपारी पावाबरोबर गरम सूप असते. वजनही उतरलेले नाही, काळजी नसावी.

बाबा, पावाच्या नावाचा उलगडा मात्र मला इथे झाला. पीठ पायाने तुडवतात म्हणून तो पाव, असे आजी म्हणे, आणि विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट सांगे. लादीचा चौथा हिस्सा म्हणून पाव, असे तुम्ही सांगत होता. हा शब्द खरे तर इथला आहे. पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या बेकरीत मी बोट दाखवले, तेव्हा तिथल्या बाई 'पांव' म्हणाल्या, शेवट पूर्ण नाकातून, आणि कागदी पिशवीत दोन घातले. टोकांना निमुळते, मधोमध खोल चीर असलेले, वरून कडक. तो उच्चार ऐकून मला एकदम आपली वसई आठवली. लॅटिनमधला शब्द 'पानिस'. पोर्तुगिजांनी त्यातला 'न' गाळून केवळ नाकातला सूर राखला, आणि आपण तोही सोडून दिला. जपानीतही पावाला 'पान' म्हणतात, कारण 1543 पासून तिथे जाऊ लागलेल्या पोर्तुगिजांनीच तो शब्द नेला. वसईत तर ते 1534 पासून 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेईपर्यंत होते. गोव्यातला पोदेर म्हणजे इथला 'पादेइरु', पाव भाजणारा. तिकडे पीठ फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरू लागले.

इथली एक रीत मला अजून पचत नाही. हॉटेलात बसताच, न मागता, पाव, लोणी आणि ऑलिव्ह समोर ठेवतात. आपल्याकडच्या कांदा-लिंबासारखे ते असेल असे समजून मी खाल्ले, तर बिलात त्याचे पैसे वेगळे लावलेले. हात लावला नाही तर पैसे द्यावे लागत नाहीत, हे नंतर कळले; पण समोर वाढलेले अन्न परत पाठवणे मला अजूनही जमत नाही. मी उधळपट्टी करतो असे मात्र समजू नका. बाहेर जेवणे महिन्यातून एकदाच होते.

सोबत्याला इथे 'कोंपान्येइरु' म्हणतात, आणि त्याचे मूळही 'पानिस'च आहे : ज्याच्याबरोबर पाव वाटून खायचा, तो. आई, जेवायला बरोबर कोणी असते का, असे तू विचारतेस. रविवारी खोलीतले दोघे असतात. माझ्या स्थळाचा विषय मनूचे लग्न पार पडेपर्यंत राहू द्यावा. हॉलचे पैसे या आठवड्यात पाठवले आहेत, उरलेले पुढच्या महिन्यात नक्की पाठवीन. रजा चारच दिवसांची मिळाली आहे, तेव्हा लग्नाला पोहोचेन, पण तिच्या केळवणाला मी नसेन. हे तिला अजून सांगितलेले नाही. बाबा, तुम्हीच सांगावे.

तुमचा,
सुहास