वकील मॅडमना, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका बाईकडून

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांतच मानते, कारण आमच्या वाशिमकडे अजूनही बायांना कोणी ना कोणी सांगतं, "फारकत घे, अर्धं वावर तुझंच."

तसा कायदा आपल्याकडे नाही, हे तुम्ही पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. निंदण, वेचणी, सोंगणी सगळं अंगावर काढलं तरी सातबारा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असला की त्यात अर्धा वाटा आपोआप मिळत नाही. मला तेव्हा तुमचा रागच आला होता.

मग तुम्ही विचारलं, "ते दोन एकर घेतले तेव्हा पैसे कुठून आले?" माहेरची पोत आणि पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या होत्या. तुम्ही लगेच पावती आणायला लावली. कर्ज माझ्या नावावर, खरेदीखत त्याच आठवड्यातलं! स्त्रीधन नवऱ्याच्या हाती दिलं म्हणून त्याचं होत नाही, हे सुप्रीम कोर्टानं प्रतिभा राणी खटल्यात १९८५ सालीच सांगितलंय, हे मला तुमच्याकडून कळलं.

पोरीचे बाबा गावभर सांगत, "सोयाबीनले भाव नाही, माह्याजवळ काय हाय?" पण रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मिळकत आणि देणं शपथेवर लिहून द्यावं लागतं. त्या कागदावर बाजार समितीच्या पट्ट्या आल्या, डेअरीचं खातं आलं, ट्रॅक्टरचं भाडंही आलं. ट्रॅक्टरचं कर्जही होतं, ते तुम्ही वजा धरायला लावलंत. माझ्या भावाला काही ते पटलं नाही. "खोटा आकडा धरला तर खराही हातचा जाईल," तुम्ही त्याला म्हणालात.

शेवटी मध्यस्थीत तडजोड झाली. सोनं परत आणि एकरकमी पोटगी दोन हप्त्यांत, दुसरा सोयाबीन विकल्यावर. त्यांनी शब्द दिला, सोबतच्या मंडळींनी माना डोलावल्या. तुम्ही मात्र अडून बसलात: हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे उरलेल्या रकमेचा बोजा वावरावर चढवा. हुकूमनाम्यात ते आलं, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद झाली. दिवाळीच्या आधीच वावर विकायची बोलणी सुरू झाली होती, मॅडम. गिऱ्हाइकानं सातबारा पाहिला अन् माघारी गेलं. पुढं हप्ता न मागता आला.

फीचं विचारलं तर तुम्ही हसलात. बाईची मिळकत कितीही असो, तिला सरकारी मदतीतून मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. वाचणाऱ्या बायांनो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीत चौकशी करा, नाहीतर १५१०० ला फोन लावा.

थोड्या पैशांच्या शेळ्या घेतल्या, बाकी पोरीच्या नावानं ठेवले. माहेरची तूर निघाली की डाळीचा वानोळा घेऊन येते. ती काही फी नाही, तेव्हा परत करायची नाही.

तुमची,
एक पक्षकार