दोडक्याच्या निमित्तानं मनूला पत्र

सातारा
मंगळवार, रात्री साडेदहा

प्रिय मनू,

काल तुझा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होतो, शिट्टीत तुझं अर्धं बोलणं गेलं, पण मुद्दा कळला. फ्लॅटवर स्वैपाकाची पाळी तुझी, रूममेटनं मंडईतून अर्धा किलो दोडका आणून ठेवलाय आणि दोडका बघूनच तुझं तोंड वाकडं. "बाबा पटकन सांगा काय करू, नाहीतर मागवते काहीतरी." मी म्हटलं आज मागव, कारण हे पटकन सांगण्यासारखं नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर माझे लांब मेसेज तू वाचत नाहीस, निळी टिक येते आणि खाली अंगठा, म्हणून मेल. प्रिंट काढून फ्रीजवर लाव.

आधी दोडकाच घेऊ. शिरा सोलाण्यानं काढायच्या, टाकायच्या नाहीत, आजी असती तर धपाटा पडला असता. चिरताना टोकाकडचा इवलासा तुकडा जिभेला लावून बघायचा, कडू लागला तर अख्खा दोडका कचऱ्यात, हळहळायचं नाही. दुधीचं पण तेच. कारलं कडू असतं तो त्याचा स्वभाव, पण दुधी नाहीतर दोडका कडू निघाला तर तो विषारी असू शकतो, कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावलीत, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनं पण लोकांना तसं बजावलं होतं, आणि शिजवलं म्हणून ते जात नाही. हे एवढं लक्षात ठेव, बाकी सगळं चुकलं तरी चालतं.

आता भाजी. मूठभर मूगडाळ अर्धा तास भिजायला हवी, म्हणजे ऑफिसातून आलीस की आधी डाळ भिजव आणि मग हातपाय धू. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, आणि सहा-सात पाकळ्या लसूण ठेचून. लसूण लाल होईस्तोवर थांबायचं, इथंच सगळे घाई करतात. मग डाळ, दोडका, हळद, आपला कांदा-लसूण मसाला एक चमचा (डबा भरून दिलाय, संपला नसणारच), वर ताटली झाकायची आणि ताटलीत पाणी ओतायचं. आत पाणी घालायचं नाही. दोडका स्वतःच एवढं पाणी सोडतो की विचारू नको, तुला जो आवडत नाही ना तो पाण्यात पोहणारा दोडका, आणि तो करणारा मीच होतो. मीठ शेवटी, कारण शिजून निम्मा होतो, कच्च्या ढिगाकडं बघून मीठ टाकलं की खारटढाण.

शिरा बारीक चिरून तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ, सगळं जाडसर वाटायचं. भाजी नाही आवडली तर या चटणीवर भाकरी खा. भाकरी येत नाही तर ब्रेडला लाव, मी बघायला येत नाही.

तुझ्या रूममेटला कोथिंबिरीचा साबणासारखा वास येतो म्हणून तुम्ही तिला हसता, ते बंद करा. काही लोकांना खरंच तसा येतो. कोथिंबिरीत जी अल्डिहाइड नावाची रसायनं असतात तसलीच साबणात पण सापडतात आणि वास ओळखणाऱ्या एका जीनमुळे काहींच्या नाकाला नेमकं तेच जास्त कळतं, ओआर6ए2 असं गाडीच्या नंबरप्लेटसारखं नाव आहे त्या जीनचं. तिच्या ताटात वरून भुरभुरू नका. चटणीत बारीक वाटलेली कोथिंबीर चालते का विचारा, वाटली की तो वास बराच कमी होतो म्हणतात. तरी नको म्हणाली तर नको.

तू नववीत होतीस तेव्हा आईला दुपारपाळी लागली, 2 ते 9. मी पतसंस्थेतून सहाला घरी, आणि तू साडेसातला भूक भूक करत उभी. मला येत काय होतं तर चहा, ऑम्लेट आणि कुकरचा भात. पहिल्या आठवड्यात तीनदा पिठलं केलं आणि तिन्ही वेळा गुठळ्या, तू ताटात बघून म्हणालीस, "बाबा ही गोळ्यांची आमटी आहे का?" नंतर कळलं की बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं असतं, मी उकळत्या पाण्यात वरून टाकत होतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

भेंडीचं आठवतं? चिरून मग धुतली, वर झाकण ठेवलं, आणि जे झालं त्यानं लिफाफे चिकटवता आले असते. भेंडी आधी धुवायची, फडक्यानं कोरडी पुसायची, मग चिरायची, उघड्या कढईत परतायची आणि दोन आमसुलं टाकायची, आंबट पडलं की तार तुटते. कारल्याच्या काचऱ्यांना मीठ चोळून ठेवलं आणि पिळून काढायचंच विसरलो, वर फोडणीत परत मीठ. ती तर समोरच्यांच्या कुत्र्यानंपण हुंगून सोडली. पण नंतर पातळ काचऱ्या, नीट पिळलेल्या, जरा सढळ तेलावर मंद गॅसवर वीस मिनिटं, वरून तिखट, चिमूटभर साखर आणि खोबरं, अशी केली तर तू नुसतीच वाटीत घेऊन टीव्हीसमोर बसलीस. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की हिचं भांडण कारल्याशी नाहीच, लगद्याशी आहे.

मग मी जरा जास्तच हुशार झालो. दुधी किसून थालीपिठाच्या भाजणीत घालायला लागलो, त्यात कांदा, ओवा, तीळ, आणि तू दर गुरुवारी तीन-तीन हाणायचीस, लोण्याबरोबर. चांगलं वर्षभर चाललं. मग एक दिवस तुला डस्टबिनमध्ये दुधीची सालं दिसली आणि तू दोन दिवस बोलली नाहीस माझ्याशी. म्हणालीस, "आवडलं नाही असं नाही, पण फसवलंत." मला ते लागलं गं, कारण दुधीवरून तुझ्यावर एक अन्याय मी आधी केलेलाच होता. तू दुसरीत होतीस, ताटात पडलं ते संपवायचं म्हणून मी तुला दुधीच्या भाजीपुढं रात्री दहापर्यंत बसवलं होतं. तू रडत नव्हतीस, नुसती बसली होतीस, आणि भाजीवर तेलाची साय धरली होती. तुझी आई दोनदा येऊन माझ्याकडं बघून गेली. मला तेव्हा वाटलं होतं मी वळण लावतोय.

थालीपिठात दुधी अजून घालतो, पण सांगून घालतो.

आता खरी गोष्ट, ही तुला माहीत नाही कारण तू तेव्हा झोपली होतीस. तू नववीत होतीस त्याच वर्षीच्या थंडीत मंडईत कृष्णाकाठची वांगी आली होती, छोटी, काटेरी देठाची. हातात घेऊन हलकी हलकी निवडून आणली, जड वांग्यात बिया जास्त. चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात टाकली, दाण्याचं कूट, तीळ, खोबरं, चिंच-गूळ, कांदा-लसूण मसाला, सगळं ठासून भरलं आणि मंद आचेवर तेल सुटेपर्यंत ठेवली. माझी पहिली भरली वांगी, रंग असा आला होता की फोटो काढला. साडेनऊला आई आली, पाय धुतले, जेवायला बसली. मी समोर बसून बघत होतो शाबासकी कधी मिळते. तर तिनं वांग्यातला मसाला तेवढा भाकरीला लावून खाल्ला आणि वांगी ताटाच्या कडेला ओळीनं ठेवली, तीन वांगी, देठ एका बाजूला करून.

म्हटलं, "बिघडलं का?"

"नाही हो, मस्त झालंय. मला वांगं आवडत नाही. घशाला खाजतं लहानपणापासून."

लग्नाला 17 वर्षं झाली होती मनू. आठवड्यातून एकदा तरी ती भरली वांगी करायची, भरीत वेगळं. मी म्हटलं मग एवढी वर्षं का करत होतीस, तर म्हणाली तुम्हाला आवडतात म्हणून. आणि मग लोणच्याची बरणी पुढं ओढत, अगदी साधेपणानं, रागाबिगानं नाही, "मी शेवटी जेवायला बसायचे, माझ्या ताटात कोण बघतंय."

मी थोडा वेळ गप्प बसलो आणि मग विचारलं तुला काय आवडतं. शेपू म्हणाली. आणि शेपू आपल्या घरात कधीच आलेला नव्हता, कारण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी फर्मान काढलं होतं, त्याच्या वासानं मला मळमळतं, घरात आणायचा नाही. माझ्या नावडीचा हुकूम झाला, तुझ्या नावडीचे लाड नाहीतर दहापर्यंत शिक्षा, आणि तिची नावड कोणाला कळलीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी जुडी आणली. निवडताना वास बोटांना बसला तो लिंबानंपण गेला नाही. मूगडाळ, भरपूर लसूण, दोन हिरव्या मिरच्या, दोडक्यासारखंच. ती दोन भाकऱ्यांवर थांबणारी बाई, तिनं तिसरी घेतली. मी एक घास खाल्ला आणि ताक प्यायलो. तेव्हापासून तिच्या सुट्टीच्या आदल्या रात्री जुडी निवडणं माझं काम. जीभ वळते म्हणतात, दहा-पंधरा वेळा खाल्लं की आवडायला लागतं, तुझं कारल्याचं झालं तसं. माझं झालं नाही. आठ वर्षं होत आली, थालीपिठात घालून बघितला, भाताच्या मुटक्यात, कढीबरोबर, मला शेपू आवडत नाही तो नाहीच. मी आपला माझ्यापुरतं पिठलं टाकतो, आता बिनगुठळ्यांचं.

उद्या बुधवार, आईची सुट्टी. जुडी निवडून पेपरात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवलीय आणि सगळ्या फ्रीजला वास सुटलाय, दूध झाकलंत का म्हणून ती आतून आत्ताच दुसऱ्यांदा ओरडली, उठायला पाहिजे.

दोडक्याचं काय केलंस ते कळव. शिरा टाकल्या असशील तर मात्र कळवू नको.

तुझा
बाबा