जायफळ घातले नाहीस का?

पुणे
२५ जानेवारी

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार.

गणपतीपासून तुझी दोन पत्रे माझ्या खणात उत्तरावाचून पडून आहेत. खण उघडला की ती दिसतात आणि मी तो तसाच लावून टाकते. रागावली असशील तर तो राग रास्तच आहे. माझी प्रकृती ठीक आहे, थंडीत गुडघा थोडा धरतो एवढेच. आज लिहायला बसले आहे ते आईविषयी. मंगळवारी घरी जे घडले ते इथे मी कोणालाही सांगितले तरी ‘वय झाले, चालायचेच’ यापलीकडे कोणी काही म्हणणार नाही. आईचे नाक म्हणजे काय चीज होती हे दादानंतर फक्त तुलाच ठाऊक आहे, आणि दादा तर फोनवर ऐकून गप्पच बसला.

मंगळवारी दुपारी मी दूध तापत ठेवले, आच बारीक केली आणि इस्त्रीचे कपडे द्यायला खाली गेले. आई ओट्यापासून पाच-सहा पावलांवर, जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसली होती. खाली दुकानदाराशी बोलण्यात वेळ गेला. परत येताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच मला करपल्याचा वास आला, आणि तो आपल्याच घरातला आहे हे दार उघडेपर्यंत माझ्या मनातही आले नाही. घरात आई असताना दूध करपेल, हे माझ्या हिशेबातच नव्हते. आत धूर कोंडला होता. आई डोळे पुशीत शांतपणे शेंगा सोलत होती, आणि समोरचे पातेले दाण्यांनी काठोकाठ भरले होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले डोळे पुन्हा चुरचुरू लागले असे तिला वाटले होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला. दुधाचे पातेले आतून काळेठिक्कर झाले होते आणि तळाला तपकिरी पापुद्रा धरला होता. आई उठून आली, पिकलेला फणस हुंगावा तसा तिने पातेल्यात चेहरा घातला, एकदा हुंगले, पुन्हा एकदा हुंगले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “मला काहीच येत नाही ग.”

सुमे, ही तीच आई, जी देवघरात जप करता करता ‘हिंग जळला, उतरव ती कढई’ असे ओरडत असे. तू आमच्याकडे राहायचीस तेव्हाचे ते ऑम्लेट आठवते ना? ती हरिपाठाला गेलेली पाहून आपण दोघींनी शेजारच्या वहिनींकडून दोन अंडी आणली, खाऊन झाल्यावर चार उदबत्त्या लावल्या, कॉफी उकळली, वर तू शहाणपणा करून लिंबाच्या सालींनी ओटा घासलास. आई आली, चपला काढल्या, उंबऱ्यातच थांबली आणि तुला विचारले, “सुमे, कांदा कच्चा ठेवलास होय ग?” तू त्या क्षणी जी पळालीस ती रात्री जेवायलाच खाली आलीस. हे मी मंगळवारी आईला सांगितले. ती हसली, पण हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि तो धुरामुळे लावला असे मला म्हणता येणार नाही.

खरे तर संक्रांतीलाच मला समजायला हवे होते. मी गुळाच्या पोळ्या केल्या. तीळ आणि खसखस भाजून कुटली, बेसन तेलावर खमंग परतले आणि अर्धे जायफळ उगाळून सारणात घातले. आईने पहिला घास खाल्ला आणि विचारले, “जायफळ घातले नाहीस का? नुसतेच गोड लागते आहे.” मला राग आला. दरवर्षी कशात ना कशात उणे काढायची तिची सवयच आहे, असे समजून मी उत्तरसुद्धा दिले नाही. तो राग आता माझ्या घशात अडकून बसला आहे.

बुधवारी तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेले. ऑक्टोबरात तिला जी लांबलेली सर्दी झाली होती, तिने वासाच्या पेशींना इजा केली असावी आणि वयाचाही त्यात वाटा असावा, असे त्यांचे मत पडले. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि डाळी-टोमॅटो शिजवल्यावर येणारी ती भरीव चव एवढेच कळते. बाकी ज्याला आपण चव म्हणतो तो बहुतेक वासच असतो आणि तो घशाच्या मागून नाकात चढतो. त्यांनी वास घेण्याचा व्यायाम सांगितला आहे. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास सकाळ-संध्याकाळ, एकेक काही सेकंद, मन लावून हुंगायचे आणि तो वास कसा असतो ते आठवायचे. २००९ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी ही पद्धत बारा आठवडे रुग्णांवर करून पाहिली आणि त्यातल्या काहींना गुण आला. मी चार लहान बाटल्या भरून ठेवल्या आहेत. आईने पाचवी बाटली हिंगाची मागितली. लवंगेला ‘काहीतरी बोचल्यासारखे होते’ असे ती म्हणते, बाकीच्यांना नकारार्थी मान हलवते.

आता माझी खरी चिंता सांगते. मंगळवारपासून मला रात्री झोप नव्हती. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात तो कुजक्या कोबीसारखा वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि आईसाठी आता तो नाहीच. मी बँकेत जाते तेव्हा ती घरी एकटी असते आणि तीनला स्वतःचा चहा स्वतः करते. तिचा चहा बंद करणे म्हणजे तिला पाहुणी करून खुर्चीत बसवणे, आणि ते माझ्याने होणार नाही. म्हणून गळती झाली की वाजणारे यंत्र बसवले. बसवायला आलेला मुलगा ते खिडकीच्या वर लावायला निघाला होता, पण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, तेव्हा यंत्र खाली, फरशीपासून वीतभर उंचीवर लावून घेतले. तुझ्या सासूबाईही एकट्या असतात, त्यांच्याकडचे एकदा पाहून घे. सकाळी निघताना मी रेग्युलेटर बंद करते, आणि चहासाठी इंडक्शनची शेगडी आणली आहे. आईने दोन दिवस तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी ‘ज्योत दिसत नाही, पण पाणी मात्र लवकर उकळते’ असा शेरा मिळाला.

गॅसची सोय झाली, पण जेवणाची होत नव्हती. आई दोन घास खाई आणि ताट सारी. वर मीठ मागे. तिला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तेव्हा मीठ वाढवणे शक्य नव्हते. मी तिच्या आवडीचे सगळे करून पाहिले. मावळातून आणलेल्या आंबेमोहोराचा मऊ भात केला. एका वाटीला साडेचार वाट्या पाणी घातले आणि वर लोणकढे तूप व मेतकूट घातले. तुला आपली परीक्षेच्या दिवसांतली रात्रीची जेवणे आठवत असतील. ज्या तांदळाचे नावच आंब्याच्या मोहोरावरून पडले आहे तो तिच्यापुढे वाफाळत होता आणि तिला त्यातला मऊपणा तेवढा कळत होता. मेतकूटही तिच्याच पद्धतीचे होते. हरभऱ्याची डाळ, तिच्या निम्मी उडदाची, मूठभर तांदूळ आणि गहू वेगवेगळे मंद आचेवर भाजले होते, कारण एकत्र भाजले की गहू कच्चे राहतात आणि उडीद करपतात. त्यात मेथी, मोहरी, जिरे, धणे, सुंठ, हिंग आणि हळद घालून दळले होते. ती म्हणाली, “छान आहे,” आणि वाटी बाजूला ठेवली. आईच्या तोंडून नुसते ‘छान आहे’ हे आपण कधी ऐकले होते का?

रात्री गोड्या मसाल्याची बरणी पुसत असताना माझ्या ध्यानात आले की आमच्या घरची सगळी चव नाकावर उभी आहे. दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, भाजलेले खोबरे, तीळ यांत जिभेला धरण्यासारखे फार थोडे आहे. चिंच-गुळाच्या आमटीतून तो वास काढून घेतला तर उरते ते गोडसर, आंबटसर पाणी. आणि सुमे, तेव्हा मला तुझे ते वाक्य आठवले, “ही आमटी आहे की सरबत?” त्यावरून आपण तीन दिवस एकमेकींशी बोललो नव्हतो आणि एकाच खोलीत राहून आप्पांच्या हाती चिठ्ठ्या पाठवत होतो. तुझे म्हणणे चूक होते असेच मी आजवर मानत आले, आणि चांगल्या नाकाच्या माणसापुढे ते आजही चूकच आहे. पण आईला आता तुमचे वऱ्हाडी जेवण हवे. मिरचीचा तिखटपणा, आल्याची झणझण, मिऱ्याची चुणचुण ही वासाच्या वाटेने जातच नाही, तिची नस वेगळी आहे, आणि ती आईची शाबूत आहे. आंबटही तिला पुरेपूर कळते, आणि वरून पिळलेल्या लिंबाने मीठ कमी असले तरी खपून जाते. कुरकुरीत, मऊ, गरम, गार हे सगळे दातांचे आणि जिभेचे काम, ते कुठेच गेलेले नाही.

म्हणून गुरुवारी मी तुझे चून, म्हणजे तुमच्याकडचे पिठले, केले. आमच्या पद्धतीने ताकात कालवून ओतले नाही, तू करतेस तसे पेरून केले. तेल सढळ घेतले, ठेचलेला लसूण लाल होऊ दिला, हिरव्या मिरच्या आणि कांदा परतला. बेसनाच्या एका वाटीला अडीच वाट्या पाणी चांगले खळखळले तेव्हा एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळत गेले, आणि मग झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटे वाफ दिली, कारण वाफ कमी पडली की बेसन कच्चे लागते. गुठळ्या झाल्याच. त्या गुठळ्यांवरून आईने तुला किती वेळा बोल लावला असेल! गुरुवारी मात्र ती ज्वारीच्या भाकरीबरोबर जेवत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, “ही गाठ दाताखाली आली की बरे वाटते. सुमी म्हणत असे तेच खरे.” हे वाक्य मी शब्दशः लिहीत आहे. तीस वर्षांनी का होईना, तुझा निकाल लागला.

शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली. तांदळाची उकड करायची होती. आंबट ताकात तांदळाचे पीठ आधीच कालवून ठेवले होते, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मी फोडणीला तेल तापवले आणि आई आपली खुर्ची ओढत ओट्याजवळ येऊन बसली. मी मोहरी टाकली. ती डोळे मिटून ऐकत होती. तडतड जोरात झाली, मग विरळ होत गेली आणि शेवटचे दोन-तीन दाणे उडाले, त्या क्षणी ती म्हणाली, “आता जिरे.” मग “हिंग घाल. हळद घालून लगेच ताक ओत, नाहीतर ती जळेल.” उकड शिजत आली तेव्हाही तिने कानानेच सांगितले की आता बुडबुडे जड झाले, झाकण ठेव. काल मी मुद्दाम मोहरी पुरती तडतडण्याआधी जिरे टाकून पाहिले, तर तिने डोळेसुद्धा न उघडता मला नावाने हाक मारली, तीच जुनी हाक.

आता तुझ्याकडे काम आहे. आप्पा गेले तेव्हा तेराव्यानंतर तू जो गोळाभात केला होतास, तो आईला हवा आहे. ते नाव तिने स्वतःहून घेतले. मी आज सकाळी करून पाहिला आणि गोळे फुटून भाताचे पिठले झाले. हरभऱ्याची डाळ मी बरीच बारीक दळली होती. तिखट, मीठ, हळद, हिंग आणि दोन चमचे कडकडीत तेलाचे मोहन घालून गोळे घट्ट वळले, आणि भातातले पाणी अजून उकळत असतानाच आत सोडले. माझा संशय या दोन्हींवर आहे. भरडा रवाळ हवा होता आणि पाणी पुरते आटल्यावर गोळे भातावर ठेवून नुसत्या वाफेवर शिजवायला हवे होते, असे मला वाटते. नक्की काय ते मला कळव, आणि वरून घालायच्या फोडणीच्या तेलात तू लाल मिरची अख्खी घालतेस की मोडून, तेही लिही.

धाकटीचे लग्न ठरल्याचे वाचून फार आनंद झाला. तारीख कळव, मी चार दिवस आधी येईन. भाऊजींचा पाय आता कसा आहे? नव्या घरात ओटा कमी उंचीचा केला आहेस असे लिहिले होतेस. पाठ दुखत असेल तर सुताराकडून खाली लाकडी चौकट करून घे, ओटा तोडत बसू नकोस.

पार्सल पाठवशील तेव्हा दीड किलो भरडा, सांडगी मिरची आणि तुझ्या सासूबाईंच्या हातच्या कुरडया पाठव. कुरडया न मोडता पोहोचतील अशा बांध. इथे आई माझ्या शेजारी बसून पत्र संपण्याची वाट पाहत आहे. ती म्हणते की ती पुण्याची आहे म्हणून सुमीने तिखट कमी करून पाठवू नये.

तुझी,
कुंदा